पान्हा कोण सोडतं?

आजोळी म्हशीची धार काढायच्या वेळी आजी आधी रेडकू सोडायची. ते धावत जाऊन आईच्या कासेला ढुशा मारायचं, चार घोट प्यायचं, आणि मग आजी त्याला ओढून म्हशीच्या तोंडापुढे खुंटाला बांधायची. म्हैस त्याला चाटत राहायची. तेवढ्यात कास तट्ट भरायची, सड ताठ व्हायचे आणि चरवीत पहिली धार वाजायची. आजी म्हणायची, "पान्हवली गं." पण गोठ्यात कुणी अनोळखी माणूस शिरलं, कुत्रं भुंकलं, की पान्हा मध्येच आखडायचा. मग कितीही ओढा, थेंब नाही.

तेव्हा मला पडलेला प्रश्न साधा होता. म्हैस दूध देते, की दूध आपोआप येतं? ती ठरवते का? पुढे तत्त्वज्ञानाची पुस्तकं चाळायला लागल्यावर दिसलं, की हाच प्रश्न, याच उदाहरणासकट, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे ईश्वराबद्दल विचारला गेला होता. तो वाद कळला, की एक मोठा आणि गुंतागुंतीचा विषय बराच सुटतो, म्हणून तो इथे मांडतो आहे.

विषय असा. या सगळ्या जगामागे एक विश्वव्यापी चैतन्य आहे असं क्षणभर धरून चालू. त्याला देव म्हणा, ब्रह्म म्हणा, विश्वमन म्हणा. ते आहे की नाही हा वेगळा वाद, त्यात आज शिरत नाही. आहे असं धरलं, तर ते जग चालवतं कसं? सुगरण खोपा विणते तसं, उपजत, का ते न कळता? की आपण कोण आहोत आणि काय करतो आहोत याची पुरती जाण ठेवून? की तेही आपल्यासारखं अजून घडतं आहे, वाढतं आहे, शिकतं आहे?

पहिली बाजू सांख्यांची, म्हणजे आपल्याकडच्या एका जुन्या दर्शनाची. ईश्वरकृष्ण नावाच्या आचार्यांनी 'सांख्यकारिका' लिहिली. तिच्या 57व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, ते म्हणतात: "वत्सविवृद्धिनिमित्तं क्षीरस्य यथा प्रवृत्तिरज्ञस्य." वासराची वाढ व्हावी म्हणून दूध वाहतं, पण दुधाला काही कळत नसतं. ते 'अज्ञ' आहे. तशीच प्रकृती, म्हणजे जगाचं मूळ द्रव्य. तीही न कळता चालते, आणि तरी तिच्या चालण्याला हेतू असल्यासारखा दिसतो. सांख्यांच्या जगात जाणीव पुरुषाकडे, म्हणजे नुसत्या बघणाऱ्या चैतन्याकडे आहे, पण तो काहीच करत नाही. करणं सगळं प्रकृतीकडे आहे, पण तिला जाणीव नाही. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा आणि दोघांनी मिळून वाट काढावी, अशी त्यांचीच उपमा आहे. या जोडीला हाकणारा तिसरा कुणी ईश्वर कारिकांमध्ये नाही.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी, कारण ती सहज निसटते. प्रकृतीतून पहिल्यांदा जे निपजतं त्याला सांख्य 'महत्' म्हणतात, म्हणजे विश्वव्यापी बुद्धी. बुद्धी असूनही ती मुळात जडच! पुरुषाच्या सान्निध्यामुळे ती जाणती असल्यासारखी भासते, एवढंच. बुद्धी आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं, याचं मला अजून नवल वाटतं. आज यंत्रं गणितं सोडवतात, भाषांतरं करतात, आणि 'यांना काही कळतं का' यावर आपण वाद घालतो. त्या वादाची सगळी हत्यारं सांख्यांकडे तयार होती.

युरोपात हा सूर फार उशिरा लागला. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरचा मुख्य ग्रंथ 1818 मध्ये बाहेर पडला. जगाच्या मुळाशी एक आंधळी इच्छा आहे, असं त्याचं म्हणणं. एका वर्षाच्या पक्ष्याला ज्या अंड्यांची काहीच कल्पना नाही, त्या अंड्यांसाठी तो घरटं बांधतो, हे त्याचं उदाहरण. वासरू आणि दुधाचा हा सख्खा भाऊच. उपनिषदं त्याने वाचली होती ती लॅटिनमध्ये. मुघल राजपुत्र दारा शुकोहने 1657 मध्ये करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून ते लॅटिन भाषांतर झालं होतं. पुढे 1869 मध्ये एदुआर्द फॉन हार्टमानने विश्वामागच्या या शक्तीला सरळ 'अचेतन' असंच नाव दिलं.

आता उत्तर. ब्रह्मसूत्रं हा वेदान्ताचा मूळ ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सांख्यांचं खंडन आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य थेट गोठ्यात शिरतात. दूध आपोआप वाहतं म्हणता? मग गाय कुठे गेली? गाय सचेतन आहे, तिची वासरावर माया आहे, त्या मायेमुळे आणि तिच्या इच्छेमुळे दूध उतरतं. शिवाय वासरू चोखतं, म्हणून ते ओढलं जातं. पुढच्या एका सूत्रावर ते आणखी खोलात जातात. गवताचं दूध होणं हा जर गवताचाच स्वभाव असेल, तर बैलाने खाल्लेल्या गवताचं दूध का होत नाही? नुसतं पडून राहिलेल्या गवताचं का होत नाही? गाईच्याच पोटात का?

हे वाचताना मला आजीची म्हैस आठवते. कुत्रं भुंकल्यावर पान्हा आखडतो, हे आचार्यांच्या बाजूचा साक्षीपुरावा म्हणून पुरेसं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर वासराच्या ढुशा, त्याचा वास, त्याचा आवाज यांनी जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, ते कासेतल्या बारीक पिशव्या आवळतं आणि दूध खाली येतं. भीती वाटली की अॅड्रेनॅलिन आडवं येतं आणि धार थांबते. म्हणजे म्हैस ठरवत नाही हे खरं, पण तिला काहीच कळत नाही असंही नाही. तिला वासरू कळतं, परका माणूस कळतो. पान्हा तिच्या कळण्यातून येतो आणि तरी तिच्या हुकमावर नसतो.

वाद इथे संपला असता. पण आचार्यांपुढे आणखी एक अडचण होती, आणि मला या सगळ्यातली सर्वांत हृद्य जागा हीच वाटते. ईश्वर पूर्ण जाणता आहे असं म्हटलं, की प्रश्न येतो: मग त्याने जग केलं कशाला? जाणता माणूस काहीतरी हवं असतं म्हणून काम करतो. ईश्वराला काही हवं असेल तर तो अपुरा ठरला. काही नको असेल तर जग करण्याचं कारण उरत नाही. सूत्रकार उत्तर देतात: "लोकवत्तु लीलाकैवल्यम्." ही केवळ लीला. भाष्यात आचार्य एक राजा घेतात, ज्याच्या सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या आहेत आणि जो सहज खेळतो. मग ते दुसरं उदाहरण देतात: श्वास. बाहेरचा कुठलाही हेतू न धरता, केवळ स्वभावाने, श्वास आत-बाहेर होत असतो.

ज्यांनी दूध आपोआप वाहतं हे मान्य केलं नाही, तेच आचार्य शेवटी श्वासापाशी आले.

यात मला त्यांची चूक दिसत नाही. श्वास ही गोष्टच वेगळी आहे. झोपेत तो चालतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मेंदूच्या देठातली केंद्रं ते काम बघतात. पण तोच श्वास तुम्ही आत्ता, हे वाचता वाचता, रोखून धरू शकता. गाणारा तो तानेसाठी राखून ठेवतो. हृदयाचे ठोके असे हातात येत नाहीत. उपजत आणि जाणतं या दोन खोल्यांमधल्या भिंतीत जर एखादं दार असेल, तर ते श्वासाचं आहे. ईश्वराच्या कर्तेपणाला आचार्यांनी नेमकं तेच उदाहरण दिलं. (शंकराचार्यांच्या मते हा सगळा विचार सगुण ईश्वरापुरता, व्यवहाराच्या पातळीवरचा. निर्गुण ब्रह्मात करणं नाही, म्हणून हा प्रश्नही नाही.)

आता 'स्वतःची जाणीव' म्हणजे काय ते पाहू, कारण बहुतेक गोंधळ इथे होतो.

मानसशास्त्रात याची एक प्रसिद्ध चाचणी आहे. गॉर्डन गॅलप या शास्त्रज्ञाने 1970 मध्ये चिंपांझींना आरशाची सवय करून दिली, मग बेशुद्ध करून त्यांच्या भुवईवर आणि कानावर रंगाचा ठिपका लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात बघून त्यांनी स्वतःच्या अंगावरचा ठिपका चाचपला. म्हणजे आरशातला 'तो' मीच, हे त्यांना कळलं. स्वतःला वस्तूसारखं समोर ठेवून ओळखणं, असा इथे स्वजाणिवेचा अर्थ आहे. आता ईश्वराला या चाचणीला बसवून पाहा. जो सगळंच आहे, त्याच्या बाहेर आरसा टांगायचा कुठे?

ही अडचण बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांनी आपल्या पत्नीला, मैत्रेयीला, सांगितली होती. जिथे दोन असल्यासारखं असतं तिथे एक दुसऱ्याला बघतो, ऐकतो, जाणतो; जिथे सगळं आत्माच झालं, तिथे कुणी कशाने काय जाणावं? "विज्ञातारमरे केन विजानीयात्." जाणणाऱ्याला कशाने जाणायचं? तिसऱ्या शतकात प्लोटायनस या ग्रीक परंपरेतल्या तत्त्वज्ञानेही असाच निष्कर्ष काढला. जाणण्यात जाणता आणि जाणलेलं असे दोन येतात, म्हणून जे मूळ 'एक' आहे ते स्वतःचाही विचार करत नाही, त्याच्या पलीकडे आहे. त्याच्या आधी कितीतरी शतकं अ‍ॅरिस्टॉटल अगदी उलट म्हणाला होता: देव म्हणजे स्वतःचाच विचार करणारा विचार.

मैत्रेयीही या संवादात गोंधळली होती, हे उपनिषदातच आहे. मीही गोंधळलो होतो. वाट दाखवली ती काश्मीरच्या शैवांनी आणि मग, अगदी घरच्या भाषेत, ज्ञानदेवांनी.

दहाव्या शतकात काश्मीरमध्ये उत्पलदेव नावाचे आचार्य होते. ते म्हणतात, चैतन्याला नुसतं 'प्रकाश' म्हणून भागत नाही. स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं तर स्फटिकही लाल दिसतो, पण स्फटिकाला त्याचं काय? प्रकाशाला जर स्वतःचं भान नसेल, तर तोही त्या स्फटिकासारखा जडच. या भानाला त्यांचा शब्द आहे 'विमर्श'. प्रकाश आणि विमर्श, शिव आणि शक्ती, वेगळे काढता येत नाहीत. विमर्श ही कधीतरी घडणारी घटना नव्हे. प्रकाशाच्या असण्यातच ती आहे.

हे दूरचं काही नाही. 'अमृतानुभवा'त ज्ञानदेव या शैवांच्या शिवसूत्रांचा नाव घेऊन उल्लेख करतात. आणि 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगताना त्यांनी पहिल्याच ओवीत देवाला जी हाक मारली, ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

पाठ असल्यामुळेच 'स्वसंवेद्या' हा शब्द आपण भरधाव ओलांडून जातो. स्वसंवेद्य म्हणजे स्वतःलाच स्वतःने कळणारा. आपला आजचा सगळा प्रश्न त्या एका संबोधनात आहे.

समजायला एक घरगुती प्रसंग घ्या. मध्यरात्री जाग आली आहे. वीज गेली आहे, मिट्ट काळोख, स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. पाण्याचा तांब्या चाचपावा लागतो, चपला चाचपाव्या लागतात. पण 'मी आहे का' हे बघायला कुणी चाचपतं का? तिथे आरसा नाही, उजेड नाही, आणि शंकाही नाही. हे जे न बघता कळणं आहे, ते स्वसंवेदन. आरशातली ओळख नंतर येते. चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्यांमध्ये ज्ञानदेव आरशाचा दृष्टान्त देतात त्याचा रोख हाच आहे. तोंड आरशाआधीही असतं. आरसा आणल्याने नवीन तोंड तयार होत नाही.

याज्ञवल्क्य ज्याला नाकारतात ते आरशातलं जाणणं. ज्ञानदेव ज्याला स्वसंवेद्य म्हणतात ते काळोखातलं. दोघांत भांडण नाही, असं माझं मत आहे.

पण मग तिसरी शक्यता, वाढणारा देव. ही कल्पना आधुनिक आणि परदेशी वाटते खरी, पण बृहदारण्यकातच एक कथा आहे. सुरुवातीला एकटा आत्माच होता. त्याने सभोवार पाहिलं, स्वतःखेरीज कुणी दिसेना. तो पहिल्यांदा म्हणाला, "सोऽहमस्मि", मी आहे. मग त्याला भीती वाटली. माझ्याशिवाय कुणी नाही तर भ्यायचं कुणाला, असं म्हणून ती गेली. पण त्याला करमेना. एकट्याला करमत नाही, तसं. म्हणून त्याला दुसरं कुणीतरी हवंसं वाटलं. इथे विश्वचैतन्याला चक्क चरित्र आहे: आधी भान, मग भय, मग एकटेपणा, मग सोबतीची ओढ.

विसाव्या शतकात हा विचार सर्वांत काटेकोरपणे मांडला तो आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेडने. हा मूळचा गणिती. 1929 च्या त्याच्या मुख्य ग्रंथात देवाला दोन बाजू आहेत. एक आदिम: सगळ्या शक्यता तिच्यात आहेत, पण ती बाजू अचेतन आहे. दुसरी बाजू जगाबरोबर घडत जाते: जगात जे जे होतं ते ती स्वतःत सामावून घेते, आणि देवाला भान येतं ते या बाजूने. म्हणजे आपल्या तिन्ही शक्यता त्याने एकाच देवात गुंफल्या. त्याचा धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, विमानातून लढताना मारला गेला होता. व्हाइटहेडचा देव आपल्याबरोबर दुःख भोगणारा, समजून घेणारा सोबती आहे. मला हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय राहवत नाही. संपूर्ण आणि अचल देवाला पोर गेलेल्या बापाचं काय पोचणार?

आपल्याकडे हे तुकोबांनी विठ्ठलाला तोंडावर सुनावलं आहे. अंधार आहे म्हणून दिव्याला शोभा. रोग आहे म्हणून धन्वंतरी उजेडात आला. तसं आम्ही आहोत म्हणून तुला देवपण आलं! भक्ताचा हा हक्काचा सूर आहे, सिद्धान्त नाही, हे खरं. पण मला तो सिद्धान्तापेक्षा कमी वाटत नाही.

वाढणाऱ्या देवाविरुद्ध मुख्य आक्षेप अरविंद घोषांच्या विचारातून नीट समजतो. 1893 पासून तेरा वर्षं ते बडोद्याला नोकरीत होते. पुढे पाँडिचेरीहून त्यांनी जडातून प्राण, प्राणातून मन आणि मनाच्याही वरची पायरी अशी उत्क्रांती मांडली. पण ते म्हणतात, जडात चैतन्य आधी उतरलेलं, लपलेलं नसेल, तर ते वर येईल कुठून? म्हणजे उलगडा होतो तो प्रकट रूपाचा. मुळात भर पडत नाही. मला हा मुद्दा पटतो. दगड कितीही गुंतागुंतीने रचले तरी एका विशिष्ट दगडानंतर अचानक 'मी आहे' कसं उगवेल, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही.

तरीही व्हाइटहेड आणि तुकोबांना मी सोडू शकत नाही. जाण मुळात पूर्ण असेलही. ओळख मात्र नवीन होऊ शकते. गाय-म्हैस व्यायली की ती वासराला चाटते, त्या पहिल्या काही तासांत त्याचा वास तिच्यात बसतो, आणि मग कळपातल्या वीस वासरांतून ती आपलंच जवळ घेते. चाटणं उपजत आहे. माया आधीपासून होती. पण हे वासरू, हा वास, आज सकाळपर्यंत तिच्या आयुष्यात नव्हता. 'वत्सल' हा शब्दच वत्सावरून, म्हणजे वासरावरून आला आहे, आणि आपण देवाला भक्तवत्सल म्हणतो तेव्हा गोठ्यातलंच नातं सांगत असतो. ज्ञानदेवांनी यासाठी अमृतानुभवात डोंगर घेतला: "देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥" वेरूळचं कैलास लेणं आठवा. एकाच कातळातून देव, देऊळ आणि समोर हात जोडून उभा असलेला परिवार. दगड वाढला नाही. पण कोरण्याआधी तिथे कुणी कुणासमोर उभं नव्हतं.

ऋग्वेदातलं नासदीय सूक्त शेवटी म्हणतं, या सगळ्याचा जो परम आकाशातला अध्यक्ष, तो हे जाणत असेल, किंवा कदाचित तोही जाणत नसेल. ते वाचताना मला एक वर्ष आठवतं. म्हशीचं रेडकू आठ दिवसांत दगावलं आणि ती धार देईना. आजोबांनी त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि ते तिच्यापुढे उभं केलं. तिने हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग चाटायला लागली, आणि कास भरली. मी आजीला विचारलं, हिला कळत नाही का गं, हे खोटं आहे ते? आजी चरवी गुडघ्यांत धरून बसली होती. धार काढता काढताच म्हणाली, "कळतं तिला." आणि एक हात सोडून तिने म्हशीच्या पोटावरून फिरवला.